ताईचा फोन चोरीला गेलाय, सीईआयआरबद्दल (चोरीचे फोन ब्लॉक करायची सरकारी यंत्रणा) कोणाला अनुभव आहे का?

मंडळी मदत हवी आहे. ताईचा आयफोन परवा संध्याकाळी दादरला लोकलमध्ये चढताना पर्समधून मारला, त्या वेळची गर्दी काय असते ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. घरी येऊन लगेच माझ्या फोनवरून फाइंड माय (ॲपलचं फोन शोधायचं ॲप) मध्ये लॉस्ट मोड टाकला, म्हणजे फोन लांबूनच लॉक केला, शेवटचं लोकेशन कुर्ल्याच्या आसपास दाखवलं आणि मग ऑफलाइन. बँकेला फोन करून यूपीआय, नेटबँकिंग बंद केलंय, सिम पण ब्लॉक करून त्याच नंबरचं नवीन घेतलंय, पण सिम बदलल्यावर २४ तास एसएमएस बंद असतात म्हणे, त्यामुळे ओटीपीची कामं अडकलीत.

आता प्रश्न असा की रेल्वे पोलिसांकडे तक्रार दिलीय, त्याची कॉपी आहे, बॉक्सवर १५ आकडी आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख नंबर, पण आहे (ड्युअल सिम म्हणून दोन आहेत, दोन्ही टाकायचे ना?), फक्त बिल सापडत नाहीये. संचार साथी या सरकारी पोर्टलवर सीईआयआरमध्ये बिलाशिवाय ब्लॉकची रिक्वेस्ट घेतात का? आणि ब्लॉक केल्यावर कोणी त्यात दुसरं सिम टाकलं तर पोलिसांना खरंच कळतं का, मुंबईत असा फोन परत मिळालेलं कोणी आहे का इथे?

अजून एक, आज ताईला मेसेज आलाय "तुमचा आयफोन सापडला, लोकेशन बघा" आणि खाली लिंक. उघडली नाहीये, मला तर पासवर्ड काढायचा डाव वाटतोय, पण ती ऐकेना, सारखी म्हणतेय बघूया तरी. हा मेसेज पोलिसांना दाखवून काही उपयोग होतो का की सरळ १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करू?