मदत हवी आहे : गाडीशिवाय नाशिकहून एका दिवसाचे ट्रेक

नमस्कार मंडळी. मी आणि माझी नणंद, दोघीही पन्नाशीच्या पुढच्या. घरी गाडी चालवणारं कुणी नाही, त्यामुळे सगळी भिस्त लाल परीवर. महिलांना अर्धं तिकीट झाल्यापासून तर हौस जास्तच वाढली आहे!

अंजनेरी झाला. त्र्यंबकच्या बसने फाट्यावर उतरलो, तिथून चालत वर. अंजनीमातेच्या मंदिराजवळचं तळं बघून पाय दुखायचे थांबले. ब्रह्मगिरीही झाला, पायऱ्यांनी मात्र गुडघ्यांची परीक्षा घेतली. रामशेज तर सोपाच, पेठ रोडने आशेवाडीपर्यंत.

आता डोंगर आणि पाणी दोन्ही हवंय, म्हणून भंडारदरा डोक्यात आहे. बारीहून कळसूबाई (१६४६ मीटर) एका दिवशी आणि दुसऱ्या दिवशी आर्थर लेकच्या (म्हणजे भंडारदरा धरणाच्या जलाशयाच्या) काठाने निवांत भटकायचं. घोटीपर्यंत जाणं सोपं आहे, पुढचं सांगा. घोटीहून बारीला सकाळी लवकर एसटी मिळते का? संध्याकाळी परतीची शेवटची गाडी किती वाजता? मागे एकदा दुसरीकडे शेवटची बस चुकली आणि दुधाच्या टेम्पोतून आलो. मजा आली, पण पुन्हा नको.

कळसूबाईच्या वाटेवरच्या लोखंडी शिड्यांवर गर्दी नको म्हणून रविवार टाळणार आहोत. काठाने चालायला पायवाट आहे की डांबरी रस्त्यानेच जावं लागतं? वेळापत्रकातली नको, अलीकडे स्वतः गेलेल्यांनी वेळ सांगितली तर बरं.