युजरने मागायच्या आधीच त्याची गरज कशी ओळखायची? (ॲप डिझाइन, सल्ला हवा)

कोरा_कागद
नमस्कार मंडळी. आम्ही काही जण मिळून दवाखान्याची अपॉइंटमेंट घ्यायचं ॲप बनवतोय. बुकिंग नीट होतं, तक्रारी फारशा येत नाहीत. पण लोक एकदा ॲपवरून बुकिंग करतात आणि पुढच्या वेळी सरळ दवाखान्यात फोन लावतात. टीममध्ये दोन मतं आहेत. काहींना वाटतं, डॉक्टर, वेळ, पुढची तपासणी हे सगळं ॲपने स्वतःहून सुचवावं. बाकीचे म्हणतात, लोकांनाच विचारू काय हवंय ते. विचारून पाहिलं, तर सगळे "छान आहे" एवढंच सांगतात. सुरुवात कुठून करावी? तुम्ही प्रत्यक्ष कामात काय करता ते वाचायला आवडेल.

तिरपी_रेघ
"काय हवंय" हा प्रश्न बाजूला ठेवा. लोक तुमचं ॲप सोडून दुसरीकडे कधी जातात ते बघा. बुकिंग झाल्याबरोबर स्क्रीनशॉट काढतात का? काढत असतील, तर ती माहिती त्यांना नंतर काउंटरवर दाखवायची आहे आणि तेव्हा नेट असेल याची त्यांना खात्री नाही. मग ती नेटशिवाय उघडेल अशी ठेवा. पत्ता कॉपी करून नकाशात टाकतात का? वेळ कॅलेंडरमध्ये हाताने लिहितात का? अशी प्रत्येक पळवाट म्हणजे न बोललेली गरज आहे.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे बुकिंगचा तपशील कुणाला पुढे पाठवतात का ते बघा. पाठवत असतील, तर बुकिंग करणारी व्यक्ती आणि पेशंट वेगळे आहेत. मुलगी आईसाठी वेळ घेते आणि फॉर्म विचारतो, "तुमचं वय". तिने कुणाचं लिहायचं? आदल्या दिवशीचा आठवणीचा मेसेज मुलीच्या फोनवर येतो, जायचं असतं आईला. यावर कुणी तक्रार करत नाही, कारण ॲप असंच असतं असं लोक धरून चालतात. पुढच्या वेळी ती फोन करते. फोनवर "आईसाठी हवी होती" म्हटलं की काम होतं.

माझा सल्ला: पाच-सहा जणांच्या शेजारी बसा. फोन त्यांचा, बुकिंग खरं, आणि तुम्ही मध्ये अजिबात बोलायचं नाही. शिवाय दवाखान्याच्या रिसेप्शनवर एक अख्खा दिवस काढा. ॲप सोडून गेलेले लोक तिथेच फोन करतायत, तर त्यांचा पहिला प्रश्न काय असतो हे तिथल्या माणसाला तोंडपाठ असणार.

अर्धविराम
वरच्या प्रतिसादाला +१. सुचवण्याबद्दल थोडं सांगतो, कारण तिथे भलेभले फसलेत. मायक्रोसॉफ्ट ऑफिस ९७ मधली पेपरक्लिप, म्हणजे स्क्रीनवर मदतीला येणारं ते कार्टून, आठवते का? पत्राचा मायना लिहिला की ती मध्येच येऊन "पत्र लिहिताय वाटतं, मदत करू?" असं विचारायची. पुढे ऑफिस एक्सपीमध्ये ती डिफॉल्टने बंद करून टाकली. अंदाज बरोबर असायचा, पण लिहिणारा मधेच थांबायचा आणि हाती काही लागायचं नाही. मायक्रोसॉफ्ट रिसर्चमधल्या एरिक हॉर्विट्झ यांचा १९९९ चा निबंध याच विषयावर आहे. आपण होऊन कृती करायची, आधी विचारायचं की गप्प बसायचं, हे अंदाज किती पक्का आहे आणि चुकला तर युजरला काय भोगावं लागेल यावर ठरवा, असा त्याचा गाभा.

याउलट जीमेल बघा. मजकुरात फाइल जोडल्याचा उल्लेख आहे पण फाइल जोडलेली नाही, तर ते टोकतं, आणि तेही 'पाठवा' दाबल्यावरच. मेल परत घेण्याची सोय तर काही अंदाजच करत नाही. ५ ते ३० सेकंद थांबते, बस. माणसाला चूक पाठवल्यावरच दिसते, एवढं ओळखलं की पुरे.

ठळक_अक्षर
नवीन काही सुचवण्याआधी आहे ते फॉर्म तपासा. डब्ल्यूसीएजी २.२ (वेबसाइट अपंग व्यक्तींनाही वापरता याव्यात यासाठीची मार्गदर्शक तत्त्वं, ऑक्टोबर २०२३) मध्ये एक निकष आहे: एकाच प्रक्रियेत आधी भरलेली माहिती पुन्हा टाइप करायला लावू नका, आपोआप भरून द्या किंवा निवडायला द्या. सुरक्षेसारखे मोजके अपवाद आहेत. हा निकष 'ए' पातळीचा आहे, म्हणजे अगदी किमान अपेक्षा. ओटीपीच्या रकान्याला कोडमध्ये ऑटोकम्प्लीटची (रकान्यात काय भरायचं ते फोनला सांगणारी खूण) 'वन-टाइम-कोड' ही व्हॅल्यू द्या, म्हणजे फोन मेसेजमधला कोड स्वतःच पुढे करतो. आणि पेस्ट बंद करू नका, कृपया! थरथरत्या हातांच्या माणसाला सहा आकडे टाइप करताना एकदा बघा, मग यावर चर्चा उरणार नाही.

दोन_शब्द
तुमचा विषय आरोग्याचा आहे म्हणून लिहितेय. २०१४ च्या डिसेंबरात फेसबुकने लोकांना त्यांचं "सरतं वर्ष" सजवून दाखवलं. वेब डिझाइनमधले जाणकार एरिक मायर यांना त्यात नाचणाऱ्या चित्रांच्या मधोमध त्याच वर्षी गेलेल्या आपल्या मुलीचा फोटो दिसला. त्यांनी त्यावर लिहिलं आणि ते खूप वाचलं गेलं. वर्ष चांगलंच गेलं असणार, हे बनवणाऱ्यांनी गृहीत धरलं होतं. तुमच्याकडे गर्भारपणाच्या तपासण्या असतील, कर्करोगाच्या असतील. "पुढची तपासणी बुक करा!" हा मेसेज कुणाला कुठल्या दिवशी जाईल याचा विचार करा. लॉक स्क्रीनवर विभागाचं नावही नको. घरातल्या कुणाला सांगायचं हे पेशंटने ठरवायचं.

कोरा_कागद
मनापासून आभार. पेशंट आणि बुकिंग करणारा वेगळा, हे आमच्या डोक्यातच नव्हतं. उद्याच रिसेप्शनवर कोण बसणार ते ठरवतो. एक शंका: डॉक्टरांनी "१५ दिवसांनी या" म्हटलं असेल, तर ॲपने ती वेळ आपोआप बुक करून ठेवावी का?

तिरपी_रेघ
नको. ती जागा दुसऱ्या पेशंटला लागू शकते, आणि न मागितलेलं बुकिंग रद्द करायचं काम या पेशंटच्या गळ्यात पडतं. डॉक्टरांनी खरोखर तसं नोंदवलं असेल तरच, त्या तारखेच्या आसपासच्या दोन-तीन मोकळ्या वेळा समोर ठेवा. एका टॅपवर बुकिंग, एका टॅपवर "नको". आणि "नको" म्हटल्यावर त्याच तपासणीसाठी पुन्हा विचारायचं नाही.

अर्धविराम
सहमत. फक्त सूचना किती जणांनी स्वीकारली एवढंच मोजू नका. स्वीकारून नंतर किती जणांनी वेळ बदलली किंवा रद्द केली, तो आकडाही शेजारी ठेवा.