हेडफोनची केबल घरी बनवताना अडलो आहे, मदत हवी आहे

माझ्या हेडफोनच्या दोन्ही कपांना स्वतंत्र ३.५ मि.मी. मोनो (एकाच वाहिनीचे) सॉकेट असून, मूळ केबल प्लगच्या गळ्यापाशी तुटल्यामुळे मी दीड मीटर लांबीची नवी केबल घरीच बनवत आहे. प्लग आणि हीट श्रिंक नळी (तापवल्यावर आकसून सांधा झाकणारी) पुण्यात पासोड्या विठोबाजवळच्या बाजारातून आणली. तार मात्र एका जुन्या इअरफोनची वापरली, आणि घोळ बहुधा तिथेच आहे.

प्लगच्या टोकाला डावी वाहिनी, मधल्या कड्याला उजवी आणि मागच्या स्लीव्हला (धातूच्या नळकांडी भागाला) दोन्ही बाजूंच्या ग्राउंडच्या, म्हणजे परतीच्या, तारा एकत्र, अशी जोडणी केली आहे. तरीही गाणे लावल्यावर वाद्ये दुरून ऐकू येतात आणि मधोमध ऐकू यायला हवा तो गायकाचा आवाज जवळजवळ नाहीसा होतो. ग्राउंड स्लीव्हशी जुळले नसेल तर दोन्ही ड्रायव्हर (कपांतले छोटे स्पीकर) एकमेकांशी सिरीजमध्ये, म्हणजे एकामागोमाग एक, जोडले जातात आणि दोन वाहिन्यांतील फरकच तेवढा ऐकू येतो, म्हणून माझा संशय त्या सांध्यावर आहे. (कराओकेसाठी मात्र ही केबल उत्तम!) मल्टिमीटरही तेथे सातत्य (विजेची अखंड जोडणी) दाखवत नाही.

या तारेच्या केसासारख्या पदरांवर लाखेचा थर आहे. पॉलिश पेपरने घासल्यास पदर तुटतात, तर २५ वॅटच्या सोल्डरिंग आयर्नने कथिल चिकटत नाही. हा थर सुरक्षितपणे कसा काढावा? की ही तार सोडून, कपड्यांना घासली तरी कानात खरखर न पोहोचवणारी एखादी मऊ तार घ्यावी?