रुस्तम, आरश आणि म्हणे आयता माल!

बोरूबहाद्दर: काल बखरबंद यांनी ठोकून दिलं की आधुनिक फारसी कवींना स्वतःचं काही सुचेना म्हणून त्यांनी जुन्या पुराणकथांतला आयता माल उचलला. डोकंच फिरलं. अहो 1953 ला इराणचे पंतप्रधान मोसद्देग यांचं सरकार उलथवलं, डावे तुरुंगात नाहीतर तोंड दाबून बसलेले, आणि 1959 ला कवी सियावश कसराई पुराणातल्या धनुर्धर आरशवर 'आरश कमानगीर' ही कविता लिहितो. बाहेर बर्फ, झोपडीत शेकोटीभोवती पोरं, म्हातारा अमू नौरोज गोष्ट सांगतोय की आरशनं इराणची सीमा ठरवणाऱ्या बाणात सगळा जीव ओतला, नंतर लोक शोधायला वर गेले तर फक्त धनुष्य आणि रिकामा भाता! हा आयता माल?

बखरबंद: हो, आयताच. इराणच्या शहानं 1971 ला प्राचीन राजधानी पर्सेपोलिसला 2500 वर्षांच्या राजेशाहीचा थाट मांडला तो कुणाच्या जिवावर? राजा आणि त्याचे विरोधक, दोघंही एकाच माळ्यावरची भांडी काढून घासणार. कवयित्री फरूग फर्रुखजादचं कुठं अडलं फिरदौसीच्या 'शाहनामा' महाकाव्यातल्या वीर रुस्तमवाचून?

कोकम_सरबत: कवी शामलूचं काय करायचं मग? 1990 ला बर्कलीत भाषण ठोकलं की शाहनाम्यातला जुलमी राजा जह्हाक हा लोकांचा माणूस, फिरदौसीनं त्याला उगाच बदनाम केलं. खांद्यावर दोन साप, त्यांना रोज माणसांचे मेंदू चारायचे, आणि हा म्हणे लोकांचा!!

तिरपागडा: पूर्ण वाचा हो आधी. जह्हाकच्या आधीचा राजा जमशीद यानं समाजाचे चार वर्ग पाडले हे शाहनाम्यातच आहे, जह्हाकनं ती उतरंड मोडली असं शामलूचं म्हणणं. साप वगैरे जिंकलेल्यांनी चिकटवले. आपल्याकडे 'इडा पिडा टळो, बळीचं राज्य येवो' म्हणताना नाही त्रास होत?

कोकम_सरबत: बळीनं कुणाचे मेंदू खाल्ले ते सांगा!

हिंजवडीकर: पुण्यात माझा रूममेट इराणी होता, वडिलांचं नाव कावे. मी शहाणपणा करून हे शामलूचं काढलं तर पठ्ठ्या परीक्षा संपेपर्यंत बोलला नाही. शाहनाम्यात जह्हाकविरुद्ध उठलेल्या कावे लोहाराची अठरा पोरं, एक सोडून सगळी गेली सापांच्या तोंडी, आणि तुम्ही इथं वर्गविश्लेषण करताय.

तिरपागडा: रूममेट रुसला म्हणजे मुद्दा खोटा का? धन्य.

बोरूबहाद्दर: जह्हाक बास करा आता! कवी अखवान सालेसची 'खाने हश्तोम' ही कविता घ्या. रुस्तम भाल्यांच्या खड्ड्यात, शेजारी त्याचा घोडा रख्श मेलेला, दगा देणाऱ्या सावत्र भावाला, शगादला, त्यानं बाणानं झाडाशी खिळलंय, इथपर्यंत फिरदौसीच. पण अखवान पुढे म्हणतो की साठ वेढ्यांचा फास वर झाडाला, दगडाला कुठंही अडकवून तो बाहेर येऊ शकत होता, मनात असतं तर. नाही आला. गोष्ट तीच, पण हरलेल्या पिढीचा सगळा थकवा त्या 'मनात असतं तर' मध्ये आहे, हे फिरदौसीत दाखवा मला.

बखरबंद: बरं बाबा, एक अखवान तुमचा, घ्या आणि फ्रेम करून लावा. पण कसराईचा आरश अजूनही मला पोस्टरवरचाच वाटतो, एकदाही कचरत नाही तो.

कोकम_सरबत: मेंदूंचं उत्तर अजून आलेलं नाही, तिरपागडा.