जेवायला नको, चहाला बोलवा: पटतंय का?

कपबशी
वर्ष झालं, मित्रमंडळींना जेवायला बोलावणं मी बंद केलंय. दुपारी चार ते सहा, चहाला या म्हणते. जेवण म्हटलं की दोन दिवस तयारी आणि पाहुणे आले की मी ओट्याशी. चहाला एक गोड, एक तिखट, बास. शिवाय उठायची वेळ आमंत्रणातच सांगून टाकता येते. जेवायला बोलावून ते सांगून बघा!

गाळणी
यात सोपं काय? आठ माणसं आली तर एकाला कडक, एकीला बिनसाखरेचा, एकाला दूध चालत नाही. म्हणजे तुम्ही ओट्याशीच की. जेवण निदान एकदा मांडलं की ज्याचं तो वाढून घेतो. चहा तर गप्पा रंगेपर्यंत गार.

कपबशी
म्हणून तर मी प्रत्येकाचा वेगळा करत नाही. कपामागे चमचाभर पत्ती, वर उकळतं पाणी, चार मिनिटं झाकण. मग लगेच गाळून दुसऱ्या, गरम पाण्याने विसळलेल्या किटलीत. पत्ती आत राहिली की दुसरा कप कडू होतो. बहुतेकांचं इथेच बिनसतं. दूध-साखर टेबलावर. सँडविचं सकाळीच करून ओलसर फडक्याखाली. काकडीची असतील तर चकत्यांना मीठ लावून पाणी काढून टाकायचं, नाहीतर पावाचा लगदा.

तिसरा प्रहर
दुपारच्या चहाच्या उगमाची गोष्ट सांगतात ती अशी: 1840 च्या सुमारास इंग्लंडात बड्या घरांतलं रात्रीचं जेवण उशिरावर गेलं, आणि बेडफर्डची डचेस अ‍ॅना हिला दुपारी भूक धीर धरू देईना. म्हणजे चहा मधल्या भुकेसाठी, जेवणाच्या बदली नव्हे. (आमंत्रणावर ऐटीत 'हाय टी' छापणाऱ्यांसाठी: ते कामावरून परतलेल्या कष्टकऱ्यांचं संध्याकाळचं भरपेट खाणं होतं.)

तेव्हा कपबशीताई, तुमचे पाहुणे सहाला उठून घरी जातात आणि पदर खोचून स्वयंपाकाला लागतात. तुमचा ओटा सुटला, त्यांचा नाही. मला हे आदरातिथ्य अर्धवट वाटतं.

कपबशी
हे लागलं. पण जेवायला वर्षातून एकदा बोलावत होते, चहाला महिन्यातून एकदा बोलावते. मला तरी भेट महत्त्वाची.

जागरण
कॅफीनचा विचार कोणी करणार का? त्यातलं निम्मं उतरायलाच साधारण पाच तास लागतात. पाच वाजता आग्रहाचा तिसरा कप पाजता आणि रात्री छताकडे बघत मी पडून. एक किटली बिनकॅफीनची ठेवा, मग मी तुमच्या बाजूने.

गाळणी
रविवारी करून बघितलं. चहा जमला, कबूल. पण किटलीचं तोंड ठिबकतं, पांढऱ्या टेबलक्लॉथवर नकाशा उमटला आणि दोन तास मी फडकं घेऊन उभा. पुढच्या वेळी जेवायलाच बोलावणार.

कपबशी
तोंडाच्या खालच्या कडेला लोण्याचं बोट फिरवा. धार सरळ कपात पडते.

गाळणी
आधी सांगायचं ना!