गावात पाऊस नसताना पंचगंगा का चढते?

शिवारकर (प्रश्न): आमचे शेत शिरोळ तालुक्यात पंचगंगेच्या काठी आहे. गेल्या जुलैत अंगणातल्या बादलीत चोवीस तासांत जेमतेम ६ मिलिमीटर पाणी जमले, तरी दुसऱ्या दिवशी सकाळी ओढ्यातून उलटे आलेले पाणी उसाच्या तिसऱ्या सरीपर्यंत पोचले होते. त्याआधी मे महिन्यात वळिवाचे ६२ मिलिमीटर मोजले, तेव्हा मात्र नदी जागची हलली नाही. शिवाय त्या दिवशी महसूल मंडळाच्या पर्जन्यमापकाची नोंद ३८ मिलिमीटर इतकीच होती. नदी नेमकी कोणत्या पावसाने भरते आणि माझे मोजमाप चुकते आहे का? बादलीचे तोंड ३० सेंटीमीटर, बूड २२ आणि उंची ३० आहे.

घाटमाथा: पंचगंगेला पाणी देणाऱ्या कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती या नद्या सह्याद्रीतून येतात. अरबी समुद्रावरचे बाष्प घाटाला अडून वर चढते, थंड होते आणि गगनबावडा-राधानगरी पट्ट्यात दिवसचे दिवस कोसळते. हा प्रतिरोध पर्जन्य. शिरोळला पोचेपर्यंत त्याच ढगांत फारसे काही उरत नाही. वळीव हा आरोह पर्जन्य, म्हणजे तापलेली हवा वर चढून पडणारा पाऊस, असून तो थोड्याच क्षेत्रावर तुटून पडतो आणि तापलेली जमीन त्यातला बराचसा पिऊन टाकते. जुलैअखेर घाटातली जमीन तुडुंब भिजलेली असते. तेव्हा १०० चौरस किलोमीटरवर पडलेला १०० मिलिमीटर पाऊस म्हणजे १ कोटी घनमीटर पाणी, आणि त्यातले बहुतेक थेट नदीकडे धावते. त्यात राधानगरीचे सात स्वयंचलित दरवाजे धरण भरले की आपोआप उघडू लागतात.

मोजपट्टी: बादली निमुळती असल्यामुळे तुमचे आकडे फुगलेले आहेत. रुंद तोंडाने झेललेले पाणी अरुंद बुडात साठले की त्याची उंची वाढते. एका चौरस मीटरवर एक लिटर म्हणजे १ मिलिमीटर, हे धरून हिशेब केला तर तुमच्या ६२ मिलिमीटर उंचीच्या पाण्याचे आकारमान अडीच लिटरांहून किंचित जास्त भरते आणि पाऊस सुमारे ३६ मिलिमीटर निघतो. मंडळाशी तो बराच जुळतो. वळिवात दोन शिवारांत एवढा फरक असतोच. सरळ बाजूंचा डबा वापरा, तो भिंत व झाडांपासून लांब ठेवा आणि रोज सकाळी साडेआठला मोजा, कारण हवामान खात्याचा पावसाचा दिवस तेव्हाच बदलतो.

नदीकाठ: ओढा उलटा वाहण्याचे कारण वेगळे आहे. नरसोबाच्या वाडीला पंचगंगा कृष्णेला मिळते. कृष्णाच भरलेली असली की पंचगंगेचे पाणी पुढे सरकत नाही, फुगवटा मागे येतो आणि ओढ्याचे तोंड बुडते. मग शिवारात पडलेल्या थोड्या पावसालाही वाट राहत नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये दोन्ही नद्यांना एकाच वेळी महापूर आला होता, हे आपल्या भागाला वेगळे सांगायला नको. म्हणून केवळ कोल्हापूरजवळच्या राजाराम बंधाऱ्यावरची पंचगंगेची पातळी (इशारा ३९ फूट, धोका ४३ फूट) पाहून भागत नाही. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळची कृष्णेची पातळीही रोज पाहावी.

शिवारकर: बादली आता गोठ्यात गेली असून तिच्या जागी तेलाचा सरळ उभा डबा मांडला आहे. मोटार वर उचलण्याचा निर्णय यंदा दोन्ही पातळ्या पाहूनच घेईन.