म्हणे डिओमुळे धुरकं!

वैतागवाडी
काल इथे एका ताईंनी लिहिलं की शहरातल्या धुरक्याला गाड्यांइतकेच आपले डिओ, फरशीचं लिक्विड आणि भिंतींचे रंग जबाबदार आहेत, म्हणून "उद्यापासून डिओ बंद, उटणं सुरू". तिथेच उत्तर देत होतो पण ते इतकं लांबलं की वेगळा धागा काढतोय. अहो मी रोज कात्रजहून हिंजवडीला टू व्हीलरवर जातो, घरी येऊन रुमालाने तोंड पुसलं की रुमाल काळा. तो काय माझ्या डिओने काळा होतो का? सिग्नलला पुढचा टेम्पो तोंडावर भपका सोडतो, रस्ता बारा महिने खोदलेला, कोपऱ्यावर कचरा जाळतात, आणि दोष कुणाला तर काखेला! अमेरिकेत कुठेतरी कोणीतरी काहीतरी मोजलं की आपण लगेच डोक्यावर घेऊन नाचायचं.

रसायनवाली
कुठेतरी कोणीतरी नाही हो, २०१८ साली 'सायन्स' या संशोधन-पत्रिकेत आलेला पेपर आहे, लॉस एंजेलिसच्या हवेवरचा. आणि डिओ म्हणजे गाडी असं त्यात कुठेच नाही. खनिज तेलातून आलेल्या ज्या वाफा शहरात सुटतात, त्यात जवळपास निम्म्या रंग, गोंद, छपाईची शाई, कीटकनाशकं, क्लीनर आणि अंगाला लावायच्या गोष्टींच्या निघाल्या. वजनात बघाल तर अमेरिकेत इंधन या सगळ्याच्या साधारण १५ पट खपतं, तरीही. का, तर पेट्रोल इंजिनात बहुतेक जळून जातं, आणि थिनर, नेलपॉलिश रिमूव्हर, डिओ यांचं कामच उडून जायचं. "वास गेला" म्हणता ना, गेला कुठे? खिडकीबाहेर. तिथे उन्हात त्या वाफेची ऑक्सिजनवाल्या रेणूंशी रिॲक्शन होत जाते, ती जड नि चिकट होते, मग वाफ म्हणून तरंगणं जमत नाही आणि हवेतल्या कणांवर जाऊन बसते. झाला पीएम २.५, म्हणजे फुफ्फुसात खोल जाणारे अतिबारीक कण. तुमच्या रुमालावर काजळी आणि धूळ दिसते, हे नाही दिसणार.

वैतागवाडी
मग झाडंही वाफा सोडतात. तोडा सगळी.

रसायनवाली
सोडतातच. लिंबाच्या सालीतलं लिमोनीन तुमच्या फरशीच्या लिक्विडातही असतं, त्याचेही कण होतात. पण झाड मी दिवसातून दोनदा फरशीवर ओतत नाही.

अर्वाइनकर
वीस वर्षं या एलए भागात राहतोय म्हणून बोलतो, दोघंही अर्धंच सांगताय. इथल्या गाड्यांना १९७५ पासून कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे सायलेन्सरच्या वाटेवर धूर साफ करणारा डबा, आला, गाड्या साफ होत गेल्या, म्हणून बाकीच्यांचा वाटा आता मोठा दिसतो. डिओतल्या वाफांवर कॅलिफोर्नियाने १९८९ मध्येच नियम केला, हसू नका. आणि कोलोराडोच्या बोल्डरमध्ये तर मजाच झाली, डिओ-क्रीममधलं एक सिलोक्झेन (सिलिकॉनचं, उडून जाणारं रसायन) हवेत सकाळी ऑफिसच्या वेळेला वर जायचं, गाड्यांच्या धुरातल्या बेन्झीनबरोबरच. लोक अंघोळ करून, फवारा मारून गाडीत बसत होते, दुसरं काय.

वैतागवाडी
बघा, माझंच म्हणणं आलं! आपल्याकडे गाड्यांच्या धुराचा कडक नियम, बीएस-६, आला २०२० ला, त्याआधीचे टेम्पो अजून धावतायत. एलएचा निम्मा वाटा पुण्याला चिकटवू नका.

रसायनवाली
मी कुठे चिकटवला? दावा ताईंचा, राग माझ्यावर. नीट वाचत जा.

जिना_नंबर_दोन
तुमचा एलए राहू द्या बाजूला. गेल्या दिवाळीआधी आमच्या सोसायटीत जिन्याच्या रेलिंगला ऑइल पेंट काढला. पेंटर आमच्या दारासमोरच पायरीवर डबा उघडून बसलेला, पाण्याच्या बाटलीतून थिनर ओततोय आणि काडीने ढवळतोय, झाकण दिवसभर उघडं. आईला दमा आहे, त्या रात्री दोनदा नेब्युलायझर लावला. सेक्रेटरींना सांगितलं तर म्हणे दोन दिवसांत वास जाईल. कॉन्ट्रॅक्टर त्यांचाच साडू, आणि पैसे मोठ्या दुरुस्तीसाठी साठवलेल्या सिंकिंग फंडातून!

हिशेबतपासनीस
सिंकिंग फंडातून रंग?? तो रिपेअर फंडातून व्हायला हवा. ठराव झाला होता का सभेत?

जिना_नंबर_दोन
सभेला आम्ही सात जण होतो, त्यात दोघं चहासाठी आलेले.

हिशेबतपासनीस
मग रजिस्ट्रारकडे अर्ज टाका. आमच्याकडे लिफ्टच्या वेळी हेच झालं, तीन वर्षं भांडतोय.

रसायनवाली
लिफ्टचा इथे काय संबंध?

पेंटरदादा
सगळे शेवटी पेंटरवरच घसरणार. तुमच्या घरात वास दोन दिवस, माझ्या नाकात बावीस वर्षं आहे तो. संध्याकाळी डोकं जड होतं, जेवण जात नाही, बायको म्हणते आधी शर्ट बाहेर काढ. थिनर हौस म्हणून टाकत नाही हो, ऑइल पेंट घट्ट असला की ब्रश ओढत नाही, रेघा उठतात, आणि रेघा दिसल्या की तुम्हीच पैसे कापता. पाण्यातलं इनॅमल मिळतं, थिनर नको, ब्रशही पाण्याने धुवा. पण भाव सांगितला की उत्तर ठरलेलं, "जिनाच तर आहे, तोच जुना मारा."

वैतागवाडी
पेंटरदादा, तुमचं पटलं. मागच्या वर्षी कपाटांना मेलामाईन पॉलिश करून घेतलं, आठ दिवस डोळे चुरचुरत होते, बायको मुलांना घेऊन माहेरी, आणि मी सगळ्या खिडक्या सताड उघडून फोनवर तिला सांगत होतो, "ये आता, वास गेला." शेजाऱ्यांकडे गेला असणार, कबूल. पण डिओ सोडणार नाही. संध्याकाळी आमच्या ऑफिसच्या लिफ्टमध्ये एकदा उभे राहा, मग बोला.

रसायनवाली
सोडा म्हणालं कोण? रोल-ऑन घ्या. स्प्रेच्या डब्यात फवारा ढकलायला ब्यूटेन-प्रोपेन असतं, म्हणजे तुमच्या स्वयंपाकाच्या सिलिंडरमधलाच गॅस. अर्धा वेळ तोच अंगावर मारता.

वैतागवाडी
बरं बाई, रोल-ऑन. टेम्पोला पण एक द्या.

जिना_नंबर_दोन
पेंटरदादा, आमच्या बी विंगचं रेलिंग अजून बाकी आहे. पाण्यातल्या इनॅमलचं कोटेशन द्याल का? या सभेला मी वीस माणसं घेऊन जातो.

पेंटरदादा
देतो. पण जुना ऑइल पेंट घासून आधी प्रायमर मारावा लागेल, ते वेगळं धरा. नाहीतर वर्षात पापुद्रे निघतील आणि नाव माझंच खराब.

हिशेबतपासनीस
कोटेशन तीन लागतात. एकावर ठराव होत नाही.